बटण दाबल्यावर काय घडते?

व्हिडिओ गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, असतील तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, ३० असतील तर ३३.३. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत अशा काही फ्रेम जातात; तो वेळ म्हणजे इनपुट लॅग. तो वाढला की देखणी चित्रेही खेळ वाचवत नाहीत. पण नुसता वेग पुरत नाही: घाव बसताच चित्र काही फ्रेम थिजवले (हिटस्टॉप), तर घाव जड वाटतो. पात्राचा पाय कडेवरून सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करणे म्हणजे ‘कायोटी टाइम’. ही फसवणूक नव्हे. बोटाला होणारा उशीर त्यात भरून निघतो. उडीची उंचीही बोटाच्या ताब्यात देता येते: ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) बटण जास्त वेळ दाबून धरले की उडी उंच जाते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ (२०२०) या गेममधले त्रिशूळाचे घाव याच नजरेने खेळून पाहावेत.