परीक्षानळीतला चहा आणि पोटातला चहा

ग्रीन टीच्या खोक्यावर ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. अर्काच्या गोळ्यांच्या बाटलीवर रोगप्रतिकारशक्तीचे आश्वासन असते. फोनवर फिरणाऱ्या मजकुरात तर चहा जंतू मारतो हे ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे बिनदिक्कत सांगितलेले असते. यामागचे प्रयोग बहुतेक वेळा खरे असतात आणि म्हणूनच गैरसमज पक्के होतात. चहाच्या अर्काची चाचणी अर्काचा रासायनिक स्वभाव सांगते. तो प्यायल्यावर माणसाचे काय होते, हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की काय होते, हे पाहण्यासाठी आधी या चाचण्या होतात कशा ते पाहायला हवे.

सर्वांत प्रचलित चाचणी डीपीपीएच नावाच्या रसायनाची. त्याची पूड मिथेनॉलमध्ये विरघळवली की गडद जांभळे द्रावण तयार होते. हा रेणू फ्री रॅडिकल आहे, म्हणजे त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो. त्यात चहाचा अर्क घालतात, मिश्रण साधारण अर्धा तास अंधारात ठेवतात आणि मग ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर किती प्रकाश शोषला जातो ते मोजतात. अर्कातील पॉलिफिनॉलनी त्या रेणूला हायड्रोजन दिला, तर जांभळा रंग फिका होत पिवळ्याकडे झुकतो. चाचणी स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना दिसणारी असल्याने ती महाविद्यालयीन प्रकल्पांपासून मोठ्या प्रयोगशाळांपर्यंत सगळीकडे चालते. निम्मा रंग घालवायला अर्काचे किती प्रमाण लागले, तो आकडा आयसी-५० म्हणून देतात. हा आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. जाहिरात लिहिणारे हे कधी कधी उलटे वाचतात, पण तो भाग किरकोळ. मुख्य अडचण अशी की डीपीपीएच हा रेणू माणसाच्या शरीरात नसतोच. तो बाटलीत टिकतो म्हणून प्रयोगाला सोयीचा. शरीरातील फ्री रॅडिकल क्षणभंगुर असतात आणि त्यांच्यासाठी पेशींकडे स्वतःची विकरे असतात. त्यात पुष्कळदा अर्कही मिथेनॉलमध्ये काढलेला असतो, आणि मिथेनॉल हे विष आहे. मिथेनॉलमधला अर्क सर्वांत प्रभावी ठरला, हा निष्कर्ष रसायनशास्त्रात बरोबर असतो, पण त्याचा कपातल्या चहाशी संबंध दूरचा.

चाचणीतले बारकावेही निकाल फिरवू शकतात. काळ्या चहाच्या अर्काला स्वतःचा तपकिरी रंग असतो. तो वेगळा मोजून वजा केला नाही, तर आकडा चुकतो. एकूण फिनॉल मोजण्याच्या फोलिन-सिओकाल्टू पद्धतीत द्रावण निळे होते, पण हे रसायन जीवनसत्त्व क आणि काही साखरांनाही तसाच प्रतिसाद देते. म्हणजे चहात लिंबू पिळले की कागदावर ‘फिनॉल’ वाढलेले दिसतात! अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये ओरॅक या चाचणीवर आधारित खाद्यपदार्थांची यादी प्रसिद्ध केली होती. तिच्यातले आकडे उत्पादक जाहिरातींत मिरवू लागले, आणि या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध दाखवणारा पुरावा नाही असे कारण देत २०१२ मध्ये खात्याने ती यादी मागे घेतली. ‘अँटिऑक्सिडंट जास्त तेवढे चांगले’ हा समज त्याआधीच माणसांवर तपासून झाला होता. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाले. बीटा-कॅरोटीन म्हणजे चहा नव्हे, हे मान्य. पण परीक्षानळीतला गुण शरीरात जसाच्या तसा उतरतो, या गृहीतकाला त्या निकालाने जबर तडा दिला.

जंतूंची गोष्ट जुनी आहे. १९०६ साली मॅकनॉट या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी थंड वा कोमट चहात विषमज्वराचे जंतू तग धरत नाहीत असे दाखवले आणि शिपायांच्या बाटल्यांत पाण्याऐवजी चहा भरावा असे सुचवले. निरीक्षण चुकीचे नव्हते. मात्र आपल्याकडे चहा खळखळ उकळतो, आणि पाण्यातले ते जंतू पत्ती पडायच्या आधीच उकळीने मेलेले असतात. त्याचे श्रेय पत्तीला देण्याचे कारण नाही. आज प्रयोगशाळेत अगरच्या थराने भरलेल्या पेट्री डिशवर जिवाणू पसरतात, अर्कात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती त्यावर ठेवतात किंवा अगरला भोक पाडून त्यात अर्क ओततात, आणि रात्रभर उबेत ठेवून चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ किती रुंद आहे ते मोजतात. मोठे वर्तुळ म्हणजे जालीम औषध, असा समज इथूनच निघतो. पण वर्तुळाची रुंदी अर्क अगरमध्ये किती पसरतो यावरही ठरते. मोठे रेणू हळू पसरतात, म्हणून दोन वेगळ्या पदार्थांची वर्तुळे पट्टी लावून ताडता येत नाहीत. शिवाय प्रमाण पाहा. अँपिसिलिनच्या प्रमाणित चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध असते. समजा, भोकात १०० मायक्रोलिटर अर्क ओतला आणि तो मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम इतका दाट आहे, तर तिथे १० मिलिग्रॅम अर्क पडला, म्हणजे औषधाच्या हजारपट. मग वर्तुळे सारखी आली म्हणून ‘चहा अँटिबायोटिकच्या तोडीचा’ असे म्हणणे म्हणजे उघड दिशाभूल आहे. अर्क ज्या द्रावकात विरघळवला, तो एकटा जंतूंना काय करतो हे दाखवणारी चकती बाजूला नसेल, तर तो निकाल गंभीरपणे घेऊच नये.

खरा निवाडा मात्रेवर होतो. हिरव्या चहातील सर्वांत चर्चेचा घटक ईजीसीजी, हा एक कॅटेचिन. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची वाढ थांबवायला बहुतेक चाचण्यांत मिलिलिटरला सुमारे ५० ते १०० मायक्रोग्रॅम ईजीसीजी लागते. ई. कोलायला बरेच जास्त लागते, कारण त्याच्याभोवती एक बाहेरचे आवरण असते. एका कपात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये, ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी धरले, तर कपातले प्रमाण मिलिलिटरला २५० ते ५०० मायक्रोग्रॅम होते. म्हणजे कपातल्या कपात चहा स्टॅफिलोकोकसला भारी पडू शकतो. पण आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, शोषलेल्याचे यकृत रूपांतर करते, आणि कप प्यायल्यावर रक्तात ईजीसीजीचे प्रमाण मिलिलिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपर्यंतही पोचत नाही. म्हणजे लागते त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. घशात, छातीत वा जखमेत शिरलेल्या जंतूंना चहा पिऊन मारण्याची कल्पना या एका भागाकारात संपते. आणखी एक गंमत आहे. प्रयोगशाळेच्या द्रावणात ईजीसीजीचे आपोआप ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि जिवाणू मरण्यामागे त्याचाही हात असतो. म्हणजे ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून गौरवतो, तोच रेणू डिशमध्ये उलट काम करत असतो.

यावर कुणी म्हणेल की जपानी लोक हिरवा चहा पितात आणि दीर्घायुषी असतात, ते काय उगीच? या प्रश्नाला वजन आहे. ओहसाकी भागातील ४० हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी आढळले. मात्र त्याच अभ्यासात कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही, आणि अँटिऑक्सिडंटचा सर्वांत मोठा डांगोरा पिटला जातो तो कर्करोगाच्या बाबतीतच. शिवाय असा अभ्यास सहसंबंध दाखवतो. चहा उपयोगी असेलही, पण त्याचे कारण डीपीपीएचचा फिका रंग आहे, हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप संशोधकांचा: मग या चाचण्या फुकट का? मुळीच नाही. जिथे अर्क थेट आणि दाट लागतो, तिथे त्या खऱ्या ठरतात. हिरव्या चहाच्या कॅटेचिनचे मलम जननेंद्रियांवरील चामखिळींसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्येच मंजूर केले. ते कातडीवर लावायचे असते, म्हणून मात्रेचा प्रश्न सुटतो. तेल आणि मांस खवट होऊ नये म्हणून चहाचा अर्क वापरतात, तिथेही चाचणी आणि वापर यांत फारसे अंतर नसते. तोंडातही चहा थेट पोचतो, त्यामुळे दात किडवणाऱ्या जंतूंबाबतचा दावा विचार करण्याजोगा आहे. फक्त आपण कपात दोन चमचे साखर घालून त्याच जंतूंची सोय करतो.

दूध घातल्याने चहाचे सत्त्व जाते का, यावर एकमत नाही. इटलीतील १९९६ च्या अभ्यासात दुधाने परिणाम नाहीसा झाला, नेदरलँड्समधील १९९८ च्या अभ्यासात कॅटेचिनचे शोषण घटले नाही, आणि बर्लिनमधील २००७ च्या अभ्यासाने पुन्हा दुधाला दोष दिला. काळा चहा निकस असतो हाही समजच. पाने चुरडल्यावर कॅटेचिनची थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतात, पॉलिफिनॉल नाहीसे होत नाहीत. गवती चहा ही वनस्पतीच वेगळी, तिचे निकाल चहाच्या खात्यावर जमा करू नयेत.

गोळ्यांबाबत मात्र सावध राहायला हवे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले की अर्काच्या स्वरूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू लागतात. कपातून चहा पिणाऱ्यांना ही चिंता नाही. त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट आहे. अँटिऑक्सिडंट चाचण्यांत धातू बांधून ठेवण्याच्या क्षमतेलाही गुण मिळतात. पोटात हीच क्षमता डाळी-भाज्यांतले लोह बांधून ठेवते आणि ते शोषले जात नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर जेवण आणि चहा यांत किमान तासभराचे अंतर ठेवा.