कसोटीचा प्रकाश

बीडच्या बाजारपेठेतील व्यापारी गल्ल्यावर आलेली पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो. साध्या उजेडात न दिसणारे तंतू तेथे चमकतात आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा होतो. प्रकाशाच्या दुसऱ्या टोकाला, तांबड्या रंगापलीकडे, असाच एक अदृश्य प्रकाश आहे. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधलेल्या या अवरक्त किरणांनी आता शरीरातील ऊतींची पारख करू पाहिली जात आहे.

रूढ पद्धतीत संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून मेणात बसवतात, त्याचे अत्यंत पातळ काप घेऊन रंगवतात आणि विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पेशींचा आकार व मांडणी तपासतात. अवरक्त पद्धतीला रंग लागत नाही. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, केंद्रकाम्ले यांचे रेणू आपापल्या ठरावीक लहरी शोषून घेतात. रोगामुळे या घटकांचा हिशेब बिघडला की शोषणाचा आलेखही बदलतो आणि संगणक तो फरक टिपतो. रोहित भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या नमुन्यांवर ही पद्धत यशस्वीपणे वापरून दाखवली.

तिचीच एक भावंड-पद्धती महाराष्ट्रात आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये लावलेल्या शोधाच्या आधारे, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत डॉ. मुरली कृष्णा यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. तांबड्याला लागून असलेल्या अवरक्त लहरींचा लेसर गालाच्या आतील भागावर टाकून, तुकडा न काढता, निरोगी व रोगट ऊतींतील भेद त्यांनी तपासला.

अर्थात, अडचणीही आहेत. नेहमीची काचपट्टी बहुतांश अवरक्त किरण अडवते, म्हणून वेगळ्या, महागड्या पट्ट्या लागतात. अंतिम निर्णय आजही विकृतिशास्त्रज्ञाचाच असतो.

खरा धोका मात्र यंत्राच्या उणिवेत नसून विलंबात आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी तंबाखूची सवय सुटलेली नाही. तोंडातील पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम 'सराई संपली की दाखवू' म्हणून लांबणीवर टाकली जाते. 'सुरी लागली की रोग पसरतो' या भीतीपोटी घरचेही गप्प राहतात. ही भीती निराधार आहे. जिल्ह्यातच, अंबाजोगाईला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

नोट दिव्याखाली धरली तरच तिची पारख होते. गल्ल्यातल्या नोटेबाबत दाखवलेली दक्षता स्वतःच्या देहाबाबतही दाखवावी, एवढेच.