ते चार फटके कुणी मारले?

गोल्फ हा आपल्या हॉस्टेलचा खेळ नव्हे, हे आधीच मान्य करून टाकतो. आपली झेप रात्री पॅसेजमध्ये टेनिस बॉलने क्रिकेट आणि रेक्टर आले की पळापळ, इथपर्यंत. 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, त्या सकाळी अख्खा देश टीव्हीसमोर बसून 'बर्डी म्हणजे काय रे?' असं एकमेकांना विचारत होता. आमच्या घरीही गोल्फची ओळख तेवढीच. अपवाद फक्त मामाचा.

मामा लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला. छावणीतल्या मैदानावर तो गोल्फ शिकला, तेही एका साहेबांकडून स्वस्तात घेतलेल्या जुन्या सेटवर. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्याने ठरवलं, आयुष्यात एकदा तरी नवा सेट घ्यायचा. नव्या सेटची किंमत लाखाच्या आसपास जाते, त्यामुळे मामीने एकच अट घातली, "एकदाच घ्या, पण नीट बघून घ्या." आणि बघायला सोबत म्हणून दिवाळीच्या सुट्टीत माझी नेमणूक झाली. "इंजिनिअर होतोयस ना? मग वही-पेन घेऊन चल."

त्या दोन दिवसांत मी जे शिकलो ते आपल्या लॅबमध्ये शिकायला हवं होतं. म्हणून हा लेख.

आधी थोडी तोंडओळख

गोल्फच्या पिशवीत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा स्टिक्स चालतात. लांब पल्ल्यासाठी ड्रायव्हर आणि वूड, शेवटी चेंडू भोकात ढकलायला पटर, आणि मधलं सगळं काम आयर्न्सचं. आयर्नवर नंबर असतात. नंबर लहान तितकी दांडी लांब आणि तोंड सरळ, म्हणजे चेंडू लांब आणि खालून जाणार. नंबर मोठा तितकी दांडी आखूड आणि तोंड जास्त तिरपं, म्हणजे चेंडू उंच जाऊन जवळ पडणार. या तिरपेपणाच्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा आणि व्यास किमान 42.67 मिलिमीटर. स्टिक आणि चेंडूची भेट होते ती जेमतेम अर्धा मिलिसेकंद. लाखाचा सगळा व्यवहार त्या अर्ध्या मिलिसेकंदासाठी!

अठरा यार्डांची जादू

दुकानात आत जाळी लावून मशीन बसवलेलं होतं. या मशीन्सपैकी काही कॅमेऱ्यावर चालतात, काही रडारवर. 2003 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमन कंपनीचं यंत्र रडारवालं. तत्त्व तेच, फिजिक्समध्ये पाठ केलेला डॉप्लर इफेक्ट. चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी आणि हवेतून कापलेलं अंतर, सगळं पडद्यावर.

मामाने आपल्या जुन्या सात नंबरने मारलं, 130 यार्ड. मग विक्रेत्याने चकाचक नवा सात नंबर हातात दिला. पहिलाच फटका 148! मामाचा चेहरा असा उजळला की मी वही मिटून पैसे मोजायचंच बाकी होतं. पण मला एक शंका आली. मी विचारलं, "याचा लॉफ्ट किती?" विक्रेता बिचारा प्रामाणिक होता. त्याने कंपनीचा तक्ता काढून दाखवला, 28 अंश. मामाच्या जुन्या सात नंबरचा होता 35.

इथेच पहिली मेख आहे. स्टिकवर कोरलेला नंबर म्हणजे कुठलंही प्रमाणित माप नाही. 1980 च्या दशकातल्या सेटमध्ये सात नंबर साधारण 35-36 अंशांचा असायचा. आज काही सेटमध्ये तो 28 ते 30 अंशांवर आलाय. म्हणजे मामा मारत होता जुन्या हिशेबाने पाच नंबर, फक्त त्यावर '7' लिहिलेलं होतं. कंपन्या फसवतात असं मात्र नाही. नव्या हेडमध्ये वजन खाली आणि मागे ठेवलेलं असतं, त्यामुळे चेंडू मुळातच जास्त उंच उडतो, म्हणून तोंड सरळ करायला वाव मिळतो. पण तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी करावी. मेसची वाटी मोठी झाली की डाळ वाढली असं थोडंच असतं?

आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सगळे कोन सरळ केल्यावर सेटमधला पिचिंग वेज 43 अंशांवर येतो. मामाचा सँड वेज 56 चा. एरवी दोन स्टिक्समध्ये चार-पाच अंशांचा फरक असतो, इथे एकदम तेराचं भगदाड. ते बुजवायला आणखी एक वेज घ्या, म्हणजे खर्च वाढला. शिवाय फिरकी कमी आणि चेंडू सपाट उतरला, तर तो हिरवळीवर थांबत नाही, घरंगळत पलीकडे जातो. आयर्नचं काम 'लांब' नसून 'तिथेच' आहे.

डोंबाऱ्याची काठी आणि आयर्नचं हेड

दुसरा प्रश्न हेडच्या आकाराचा. जुन्या धाटणीचं ब्लेड म्हणजे पाठीमागून सपाट, सगळं लोखंड मधोमध. चेंडू नेमका मध्यावर बसला तर स्वर्गसुख, पण अर्धा इंच टोकाकडे लागला की हेड हातात वळतं आणि चेंडू लंगडा पडतो. कॅव्हिटी बॅक प्रकारात पाठ पोखरून ते वजन कडांना नेलेलं असतं. मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, हे आपण व्हायवाला घडाघडा म्हणतो. डोंबारी दोरीवर चालताना लांब काठी आडवी का धरतो? वजन दूर असलं की वळायला वेळ लागतो, तेवढ्यात तो सावरतो. आयर्नच्या हेडचंही तेच. फटका चुकला तरी हेड कमी वळतं आणि अंतर कमी घटतं.

ही कल्पना आयर्न्समध्ये रुजवणाऱ्यांतलं मोठं नाव कार्स्टन सोलहाइम. हा जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर. स्वतःचे पट हुकायचे म्हणून त्याने 1959 मध्ये घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला, वजन दोन टोकांना ठेवून. चेंडूला लागल्यावर जो आवाज यायचा त्यावरून कंपनीचं नाव पडलं पिंग. 1967 मध्ये त्याने नोकरी सोडली. तेच तत्त्व त्याने आयर्न्सनाही लावलं. पोकळी असलेला असा आकार घडवायला इन्व्हेस्टमेंट कास्टिंग सोयीचं पडतं. मेणाचा साचा, आठवतंय ना, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेसच्या पेपरात दर वर्षी येणारी आकृती? तीच.

दांडी आणि बूड

दांडी म्हणजे शाफ्ट. स्टीलची जड, साधारण 100 ते 130 ग्रॅम. ग्रॅफाइटची बरीच हलकी. लवचिकतेसाठी त्यावर 'आर', 'एस' अशी अक्षरं असतात. पण इथेही सर्वांना बांधील असं प्रमाण नाही, एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'च्या जवळ जाऊ शकतो. म्हणून चांगले कारागीर शाफ्टचं मुठीकडचं टोक शिकंजात धरून हेडकडचं टोक हलवतात आणि मिनिटाला किती कंपनं होतात ते मोजतात. कँटिलिव्हर बीमचाच प्रयोग.

लाय म्हणजे स्टिक जमिनीवर टेकल्यावर दांडी आणि जमीन यांच्यातला कोन. सात नंबरला साधारण 62-63 अंश. तो आपल्या उंचीला आणि उभं राहण्याच्या पद्धतीला जुळला नाही तर बुडाची एकच बाजू जमिनीला घासते. उजव्या हाताने खेळणाऱ्याला कोन जास्त उभा असेल तर चेंडू डावीकडे जातो, जास्त पसरट असेल तर उजवीकडे. माणूस मात्र वर्षानुवर्षं आपल्याच मनगटाला शिव्या घालत बसतो. तपासायची युक्ती फुकटची आहे. चेंडूच्या मागच्या बाजूवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड उभी रेघ मारायची आणि ती बाजू स्टिककडे करून फटका मारायचा. रेघेचा ठसा तोंडावर उमटतो. सरळ उभा उमटला तर लाय बरोबर, तिरका उमटला तर बदलायला हवा. ठसा मध्यावर आहे की टोकाला, तेही कळतं. मामाचा ठसा तिरका आला. साठीपर्यंत मनगटाचा दोष समजून जे जपलं, ते दोन अंशांचं प्रकरण निघालं.

वहीतली चार काटछाट

आता मुख्य गोष्ट. आम्ही दोन सेट निवडले. 'अ' म्हणजे तो 28 अंशांचा चकाचक, 'ब' म्हणजे 32 अंशांचा, कडांना वजन असलेला, दिसायला साधा. तिसरा मामाचा जुना, कारण जुन्याशी तुलना नसेल तर नव्याने काय सुधारलं हे कळणार कसं? तिन्हींचे सात नंबर, चेंडू तेच. आधी जुना, अ, ब असे पाच-पाच फटके, मग चहा, मग उलट क्रमाने ब, अ, जुना असे पाच-पाच. क्रम उलटा का? माणूस आधी गरम होतो, मग दमतो. एकच स्टिक कायम शेवटी आली तर तिच्या माथी थकव्याचं खापर फुटतं.

'अ'चे दहा आकडे, यार्डांत: 148, 146, 121, 150, 118, 147, 126, 149, 122, 143.
'ब'चे: 134, 131, 128, 135, 127, 133, 130, 136, 129, 127.
जुन्याचे: 128, 130, 112, 129, 131, 126, 115, 130, 129, 130.

मी सरावाप्रमाणे काम केलं. 'अ'मधले 121, 118, 126, 122 हे चार 'चुकलेले' म्हणून खोडले, उरलेल्या सहांची सरासरी काढली आणि जाहीर केलं, "147! मामा, 'अ'च घे." मशीनवरही वाईट फटका पुसायची सोय होती आणि विक्रेता त्यासाठी बोट उचलूनच उभा होता.

मामाने वही हातात घेतली. खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे चार फटके कुणी मारले रे?"

"तूच."

"मग मैदानात मीच मारणार ना ते?"

मी गप्प. खरं सांगतो, मला आमची दुसऱ्या वर्षाची लॅब आठवली. ग्राफ सरळ रेषेत येत नाही म्हणून किती रीडिंग्ज आपण 'सरळ' केली! उत्तर आधी माहीत असतं, रीडिंग्ज मागाहून येतात. जर्नलवर सही मिळते आणि कुणाचं नुकसान होत नाही, असं आपल्याला वाटतं. इथे समोर एका माणसाची निवृत्तीची रक्कम होती, आणि मी तीच सवय घेऊन तिथे उभा होतो.

खोडलेले आकडे परत घेतले. 'अ'ची सरासरी 137, पण सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फटक्यात 32 यार्डांचा फरक. 'ब'ची सरासरी 131, फरक फक्त 9. जुन्याची सरासरी 126, फरक 19. मामाच्या मैदानावर एका होलला ओढा आहे, तो पार करायला 125 यार्ड लागतात. 'अ'चे दहापैकी तीन चेंडू ओढ्यात, जुन्याचे दोन, 'ब'चा एकही नाही. कुणी म्हणेल, 'अ' लांब जातो तर तिथे आठ नंबर घ्यावा. घ्या की! पण नंबर बदलल्याने सरासरी सरकते, पसारा जागेवरच राहतो.

चटई माफ करते, गवत नाही

तरीही मामाने त्या दिवशी पैसे दिले नाहीत. त्याच्या मैदानावरच्या कॅडीकाकांचं म्हणणं होतं, "साहेब, चटईवर सगळेच चांगले खेळतात." ते अगदी खरं आहे. स्टिक चेंडूच्या आधी टेकली तर चटईवरून घसरत पुढे जाते आणि फटका बरा लागतो. गवतावर तीच स्टिक मातीत रुतते. दुकानदाराने 'ब'चा डेमो सात नंबर दोन दिवसांसाठी दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे दवात, थंड हातांनी, उतारावरून मामा मारत होता आणि कॅडीकाका चेंडू कुठे पडतो ते पावलांनी मोजत होते. आकडे सगळे थोडे उतरले, पण एकमेकांच्या जवळच राहिले. मग 'ब' घेतला, लाय दोन अंशांनी वाकवून. मामाने जुना सेट कॅडीकाकांच्या मुलाला दिला.

मित्रहो, तुम्ही आयर्न घ्याल न घ्याल. बॅट घ्याल, रॅकेट घ्याल, पुढे एखाद्या कारखान्यात मशीन निवडाल. पद्धत हीच: जुन्याशी तुलना करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, क्रम उलटा करून बघा, जिथे वापरायचं तिथे तपासा. आणि आकडा आवडला नाही म्हणून खोडू नका. या सेमिस्टरला माझा एक ग्राफ वाकडा आलाय. सरांनी विचारलं, "असा का?" म्हटलं, "सर, तसाच आला." सर बराच वेळ बघत राहिले, मग खुर्ची ओढून म्हणाले, "बस. का आला ते शोधूया."