भरदुपारचं लग्न आणि १/८० चं शटर

सेकंडहँड कॅमेरा दुकानात उभं राहून कसा तपासायचा, हा आजचा ठरलेला विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे. अमळनेरच्या एका वाचकाने विचारलं आहे, की जमवलेल्या पैशांत एकतर निकॉनचा एफ३ येतो, नाहीतर एफएम२ आणि सोबत एक चांगली लेन्स, घ्यावं काय? त्यांना लग्नाची कामं पुन्हा फिल्मवर करायची आहेत. तपासणीच्या आधी हे सुटलं पाहिजे, कारण कोणती बॉडी तपासायची हेच ठरलेलं नसेल तर तपासणी शिकून उपयोग नाही. माझं उत्तर सरळ आहे: मधल्या दर्जाची बॉडी, म्हणजे एफएम२, घ्यावी. ती स्वस्त पडते म्हणून नव्हे; खानदेशातल्या लग्नाच्या कामाला ती जास्त योग्य आहे म्हणून.

डिजिटलच्या सवयीने इथे घोळ होतो. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर बॉडीतच बसवलेला असतो, त्यामुळे महाग बॉडी म्हणजे बहुतेक वेळा चांगलं चित्र, हे समीकरण पटतं. फिल्ममध्ये चित्र उतरतं रोलवर, आणि तोच रोल पेंटॅक्सच्या साध्या के१००० मध्येही घालता येतो आणि एफ३ मध्येही. लेन्सच्या मागे प्रकाश न शिरणारी पेटी आणि वेळेवर उघडमिट करणारं शटर एवढंच बॉडीचं काम. मग व्यावसायिक बॉडीचे जास्तीचे पैसे जातात कुठे? १९८० साली आलेल्या एफ३ मध्ये ते गेले बदलता येणाऱ्या व्ह्यूफाइंडरांत, चौकट शंभर टक्के दाखवण्यात, सेकंदाला ६ फ्रेम ओढणाऱ्या एमडी-४ मोटरमध्ये, आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवल्यावर वेग स्वतः निवडणाऱ्या सर्किटमध्ये. या सगळ्या खऱ्या आणि उपयोगाच्या सोयी आहेत. फक्त त्या आपल्या कामाच्या आहेत का, हे पाहायला हवं.

आता आखाजीनंतरची लग्नसराई डोळ्यांसमोर आणा. मे महिना, भरदुपार, मांडवाबाहेर डोळे दिपवणारं ऊन, नवरदेवाच्या फेट्याखाली आणि मुंडावळ्यांमागे चेहऱ्यावर काळी सावली. ती उजळायला उन्हातही फ्लॅश मारावा लागतो. फोकल प्लेन शटरला फ्लॅशशी जुळणाऱ्या वेगाची मर्यादा असते, कारण फ्लॅश चमकतो त्या क्षणी पूर्ण फ्रेम उघडी असावी लागते. एफ३ चे पडदे आडवे सरकतात, म्हणजे फ्रेमची ३६ मिलिमीटर लांबी कापतात. त्याचा फ्लॅशचा वेग १/८०. एफएम२ च्या पात्या उभ्या धावतात, २४ मिलिमीटरच कापतात आणि मुळातच जास्त वेगाने कापतात. १९८४ पासूनच्या सुधारित एफएम२ मध्ये हा वेग १/२५०. शंभरच्या फिल्मला कडक उन्हात १/१०० आणि अ‍ॅपर्चर १६, हा आपला नेहमीचा हिशेब. त्यावरून १/८० ला अ‍ॅपर्चर सुमारे १८ होतं आणि १/२५० ला १०. नवरानवरी ३ मीटरवर असतील तर पूर्ण प्रकाशासाठी फ्लॅशचा गाइड नंबर (अंतर गुणिले अ‍ॅपर्चर) एफ३ ला ५४ लागतो, एफएम२ ला ३०. सावली नुसती हलकी करायची म्हणून एक स्टॉप कमी धरला तर ३८ आणि २१. बॅगेत सहज मावणारे बरेच फ्लॅश तिशीच्या आसपास असतात. म्हणजे ज्या कामासाठी बॉडी घ्यायची, त्याच कामात महाग बॉडी उणी पडते. वर एफ३ चा फ्लॅश बसतो रोल गुंडाळायच्या बटणावर, वेगळ्याच घडणीच्या शूवर. नेहमीचा फ्लॅश लावायला अ‍ॅडॅप्टर हवा, आणि भर गर्दीत रोल बदलताना तो काढून पुन्हा लावा. जुने स्टुडिओवाले यॅशिकामॅट १२४जी ला का धरून होते, याचं एक कारण याच हिशेबात सापडतं. त्याचं शटर लेन्सच्या आत असल्याने फ्लॅश थेट १/५०० पर्यंत चालतो आणि ३ मीटरला गाइड नंबर बावीसच्या आतच पुरतो.

यावर कोणी म्हणेल, एफ३ जुना झाला. १९८८ च्या एफ४ मध्ये आणि १९९६ च्या एफ५ मध्ये १/२५० आहेच. बरोबर आहे. पण एफ५ ला पेन्सिल सेल लागतात ८, ते संपले की कॅमेरा ठप्प, आणि सेल न घालताच वजन १२१० ग्रॅम. एफएम२ चं शटर सगळ्या वेगांना सेलशिवाय चालतं. सेल गेला तर फक्त मीटर बंद पडतो, आणि मे महिन्यातलं ऊन मोजायला मीटर लागतोच असं नाही. सेल गेल्यावर एफ३ कडे उरतो एकच यांत्रिक वेग, १/६०. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधला वेगाचा आकडा एलसीडीचा आहे, आणि एलसीडीला उष्णता सोसत नाही; जळगावच्या उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत तो कॅमेरा राहिला तर काय, याचा विचार करावा. एफएम२ मध्ये तिथे साधे लाल दिवे आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्यावसायिक बॉडी टिकते. टिकते, यात शंका नाही. एफ५ चं शटर दीड लाख फ्रेमपर्यंत तपासलेलं आहे. म्हणजे ३६ च्या हिशेबाने चार हजारांवर रोल, आणि एका लग्नाला १० रोल धरले तरी चारशेवर लग्नं. मधल्या बॉडीने याच्या निम्मं काम दिलं तरी दोनशे लग्नं होतात. आणि हे आकडे नव्या बॉडीचे. आज हातात येणारी कोणतीही बॉडी वीस-पंचवीस वर्षं कुणाच्या तरी कपाटात राहिलेली असते; मागच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झालेला असतो, मग ती एफ३ असो की एफएम२. बिघाड झाला तर यांत्रिक शटर जाणता कारागीर खोलून सुधारतो. सर्किट गेलं तर तेच सर्किट दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून काढून आणावं लागतं. शिवाय मुहूर्त कुणाच्या दुरुस्तीसाठी थांबत नाही. ऐन सप्तपदीत कॅमेरा अडकला तर एक भक्कम बॉडी असण्यापेक्षा दोन साध्या असणं शंभर पट चांगलं. वृत्तपत्रवाले एफ३ वापरत, कारण त्यांना मोटर लागे, आणि दुसरी बॉडी व दुरुस्ती बहुधा कचेरीच्या खर्चाने होई. आपल्याला ती सोय नाही.

तरीही एका कामाला मी एफ३ च सांगेन, आणि ते काम धुळ्यातच आहे. राजवाडे संशोधन मंडळातली कागदपत्रं, समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी हस्तलिखितं, अशा दस्तऐवजांची फिल्मवर प्रत घ्यायची असेल तर पानाची कड चौकटीत नेमकी कुठे येते हे दिसलंच पाहिजे. एफएम२ चौकटीचा सुमारे ९३ टक्केच भाग दाखवतो. समासातली एखादी नोंद फ्रेमभर मोठी घ्यायची म्हटली तर हा फरक जाचतो. लग्नात मात्र याने काही बिघडत नाही, कारण प्रिंट काढताना लॅब कड कापतेच. चाळीसगावचे केकी मूस ज्यासाठी नावाजले गेले ते टेबलटॉप छायाचित्रण घेतलं तर तिथेही माझा कौल एफएम२ ला. टेबलावर मांडलेला देखावा खरा वाटायला लावायचा तर किती खोलीपर्यंत चित्र धारदार आहे हे आधी पाहावं लागतं, आणि त्यासाठीचा खटका दोन्ही बॉडींना आहे. आरसा आधी वर उचलायची सोय एफ३ मध्ये वेगळी आहे. एफएम२ मध्ये सेल्फटायमर लावला की आरसा सुरुवातीलाच वर जातो, काम तेच होतं. मांडलेल्या वस्तू कुठे पळून जात नाहीत, त्यामुळे कड तपासायला वेळ भरपूर असतो.

अमळनेरच्या वाचकांना मात्र एक बदल सुचवतो. एफएम२ घेऊन उरलेल्या पैशांची लगेच लेन्स घेऊ नका. आधी दुसरी बॉडी घ्या, एफएम१० असली तरी चालेल. तिचं फ्लॅशचं शटर १/१२५ चं आहे, म्हणून ती संध्याकाळच्या वरातीला ठेवा. लेन्स दोघींना एकच चालते. ज्यांना वेग स्वतः निवडणारी बॉडीच हवी, त्यांनी १९८३ ची एफई२ पाहावी. तिलाही १/२५० आहे. आणि एफएम२ घेताना मागे नंबर कोरलेला आहे तिथे आधी एन हे अक्षर आहे का ते बघा. ते नसेल तर ती पहिल्या घडणीची, १/२०० ची. बाकी काय काय बघायचं, फोम कसा दाबून पाहायचा, शटरच्या पात्या कशा निरखायच्या, ते पुढच्या आठवड्यात.