काटा एक सांगतो, कॉम्प्युटर दुसरंच

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा आणि तिच्या इंजिनाचा कॉम्प्युटर यांची बऱ्याचदा एकमेकांशी ओळखही नसते. काट्याला बातमी देणारा एक वायरीचा सेंडर वेगळा, कॉम्प्युटरला देणारा दोन वायरींचा सेन्सर वेगळा. काही गाड्यांत रेडिएटरचा फॅन चालू करणारा थर्मो स्विच तिसरीकडेच बसलेला असतो, तर काहींत सगळं एकाच अंगात कोंबलेलं. त्यामुळे ‘काटा तर मध्यावरच आहे’ हे मालकाचं वाक्य मिस्त्री ऐकून घेतो, पण त्यावर निदान करत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कार्बोरेटरच्या गाडीत थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचं म्हणजे चोक ओढायचा, आणि तो कधी आत ढकलायचा हे ड्रायव्हरचा कान ठरवी. २००० साली देशभर प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी, झाली आणि चोकचं काम पितळी अंगाच्या, अंगठ्याएवढ्या सेन्सरकडे गेलं. ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तरी सोलापूरसारख्या शहरात एखाद्या गल्लीत तासभर उभं राहिलं, तर एखादी तरी आठशे समोरून जातेच.

सेन्सरच्या टोकात धातूंच्या ऑक्साइडांचा एक बारीक मणी असतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. या मण्याचा उलट कमी होतो. हा उलटा स्वभाव मायकेल फॅराडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदवला होता. सुझुकी घराण्याच्या इंजिनांत हा रोध २० अंश सेल्सिअसला साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. कॉम्प्युटर पाच व्होल्टचा पुरवठा करतो, मधल्या मधे किती व्होल्ट उरले ते वाचतो, आणि त्यावरून पाणी किती तापलंय हे ताडून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो.

सोलापूरच्या एका गॅरेजात निवृत्त मास्तरांची आठशे आली ती सोबत नवा सेन्सर घेऊनच. तक्रार अशी, की सकाळी गाडी एका चावीत सुरू होते. पण बाजारात दहा मिनिटं थांबून परत निघालं की धक्के मारते, पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज पार उतरलंय. आधीच्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फॅन ‘डायरेक्ट’ करून डॅशबोर्डखाली एक बटण बसवून दिलं आणि सेन्सर गेलाय असं सांगितलं.

“गेलाय हे मोजलं का त्यांनी?” मिस्त्रींनी विचारलं.

“मोजतात होय?” मास्तर म्हणाले.

बॉनेट उघडल्यावर मिस्त्री सेन्सरकडे वळलेच नाहीत. इंजिन थंड होतं, म्हणून आधी रेडिएटरची टोपी उघडली. गरम असताना ती उघडायची नसते: आत वातावरणापेक्षा जवळपास ०.९ बार जास्त दाब असतो, त्यामुळे पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि टोपी सैल होताच तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. पाण्याची पातळी आधी बघायची याला सबळ कारण आहे. पाणी कमी झालं की सेन्सरचं टोक हवेत उघडं पडतं आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. घाटात काटा एकाएकी उतरला म्हणून खूश झालेल्या कितीतरी जणांची हेड गॅस्केट पुढच्या वळणावर उडालेली आहे.

पाणी पुरेसं होतं, पण तांबूस आणि गढूळ. बोअरचं. सोलापूरकडचं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार वर्षानुवर्षं सेन्सरच्या टोकावर बसतात, आणि त्या थरामागचा मणी तापायला उशीर लावतो. मिस्त्रींचा पुढचा प्रश्न होता थर्मोस्टॅट व्हॉल्वचा. तो जागेवर होता, हे नशीबच. गाडी हीट होते म्हटलं, की व्हॉल्व काढून फेकून द्यायची आपल्याकडे रीतच आहे. साधारण ८२ अंशांना उघडणारा हा व्हॉल्व नसला, तर इंजिन हवं तितकं तापायला फार वेळ लागतो, कॉम्प्युटर त्याला थंडच धरून चालतो आणि पेट्रोल ओतत राहतो. आजार उन्हाळ्याचा आणि औषध बारमाही, असा तो प्रकार.

मग गाडी सुरू ठेवून वरचा होज पाइप हात लावू देईना इतका तापू दिला. चावी बंद. सेन्सरचा कपलर काढून मल्टीमीटर लावला: ३३० ओहम, म्हणजे बरोबर. कपलर परत लावून मिस्त्री गाडीत शिरले, कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि त्याच दोन वायरी तिकडच्या टोकाला मोजल्या: ६४०. सेन्सर ३३० म्हणत होता आणि कॉम्प्युटरपर्यंत ६४० पोचत होते. मधले तीनशे ओहम कुठून आले? कपलरची रबरी टोपी मागे सारली तेव्हा एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा गंज दिसला.

हे तीनशे ओहम सकाळी का नडत नाहीत, हे समजलं की अख्खा आजार समजतो. सोलापुरात सकाळी ३० अंश असतील, तर सेन्सर सोळा-सतराशे ओहमवर असतो. त्यात तीनशे मिळवले तरी कॉम्प्युटरला चार-पाच अंशांचाच फरक वाटतो. तापलेल्या इंजिनात मात्र तीनशेवर तीनशे पडले की आकडा दुप्पट होतो, आणि ८० अंशांचं पाणी कॉम्प्युटरला साठाच्याही खालचं भासतं. म्हणून वास, म्हणून धक्के, म्हणून कॉम्प्युटरच्या हुकमावरचा फॅन वेळेवर न लागणं. वायर पुरती तुटली असती तर बरं झालं असतं. मग कॉम्प्युटरने चेक लाइट लावला असता, आणि स्कॅनरवर बहुधा उणे ४० अंश दिसले असते. सोलापूरच्या मे महिन्यात त्याला कोणीच फसलं नसतं. साठ अंश हा आकडा मात्र खपून जाण्याजोगा. त्याच्यावर संशय घ्यायला कॉम्प्युटरकडे कारणच नसतं.

तरी मास्तरांचा जीव नव्या सेन्सरवर. “आणलाच आहे, तर टाकून द्या की.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत इंजिन निवलं. थोडं पाणी काढून मिस्त्रींनी १९ नंबरच्या पान्याने जुना सेन्सर सोडवला. दर अर्ध्या फेऱ्याला थांबून, कारण खालचं अंग ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले तर शंभराचं काम हजारात जातं. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आलं. एका वाडग्यात थर्मामीटर, जुना सेन्सर आणि नवा सेन्सर एकत्र बुडवले, दोघांचंही कपलरकडचं तोंड पाण्याबाहेर ठेवून. ८० अंशांना जुन्याने ३२० दाखवले. पाकिटातून नुकत्याच निघालेल्या नव्याने ४७०. अंग तेच, आटे तेच, आतला मणी भलत्याच गाडीचा. तो बसवला असता तर कपलर दुरुस्त करूनही पेट्रोलचा वास राहिला असता, आणि मग बळी द्यायला कॉम्प्युटरचा नंबर लागला असता.

जुन्याचं टोक मऊ ब्रशने साफ झालं, नवा वॉशर लागला. कॉम्प्युटरच्या सेन्सरला अर्थिंगची वायर स्वतःची असते. काट्याच्या एक वायरीच्या सेंडरला ती नसते, तो आट्यांमधूनच अर्थ घेतो. गळती नको म्हणून त्याला प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली की काटा चुकीचं दाखवू लागतो किंवा मरतो. कपलर नवा जोडला, डाख दिला, वरून श्रिंक स्लीव्ह चढवली. तांबूस पाणी पुरतं काढून हिरवं कूलंट भरलं. टोपी उघडी ठेवून इंजिन चालू केलं तेव्हा बुडबुडे येत राहिले. ती अडकलेली हवा. ती तशीच राहिली असती तर सेन्सरभोवती तिचाच फुगा बसला असता आणि पुन्हा खोटे आकडे आले असते.

डॅशबोर्डखालचं बटण काढून फॅनची वायर मूळ जागी गेली. टोपी लावून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, तर फॅन आपल्या वेळेला लागला आणि थोड्या वेळाने आपणहून थांबला. मास्तरांनी बिल पाहिलं: कपलर, वॉशर, कूलंट, मजुरी. नवा सेन्सर त्यांच्या हातातच होता. तो परत करायला ते दुकानात गेले, तर काउंटरमागे पाटी होती: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.