पायाशी पाणी, तरी ऊस तहानलेला

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालायचे ते अगदी पान वाढताना, हे घरोघरी ठाऊक असते. आधी घातले तर दहा मिनिटांत पाणी सुटते. तासगावचा बेदाणा नेमका उलटा वागतो. रात्री वाटीभर पाण्यात टाकला की सकाळी टपोरा. एकातून पाणी बाहेर पडते, दुसऱ्यात ते शिरते. नियम मात्र एकच. मीठ किंवा साखर जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढले जाते.

हा नियम चालतो तो पेशीभोवतीच्या पडद्यामुळे. तो मिलीमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो आणि मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. पाणी त्यातून येते-जाते, मिठाला मात्र सहज वाट मिळत नाही. पाण्यासाठी तर त्यात खास दारे असतात. पीटर अ‍ॅग्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती शोधली आणि त्याबद्दल त्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा एका दारातून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी रेणू जातात. पण दार उघडे असले तरी पाणी कोणत्या दिशेने जाणार, हे दार ठरवत नाही. ते आतबाहेरच्या क्षारांवर ठरते.

आता स्वयंपाकघरातून कृष्णाकाठी येऊ. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा कराडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगली जिल्ह्यात उतरते. दोन्ही तीरांवर खोल काळी जमीन, उपसा सिंचनाचे पाणी आणि साखर कारखाने. या पट्ट्याने अनेक पिढ्यांना सुबत्ता दाखवली. त्याच पट्ट्यात, वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत, मी अशी राने पाहिली आहेत की जिथे सरीत ओल आहे, वरंब्यावर पांढरा पोपडा आहे आणि ऊस गुडघाभर होऊन करपलेला आहे. एका शेतकऱ्याने मला सांगितले, "पाव्हणं, पाणी कमी न्हाई. पर ते ह्याला पिताच येईना."

यापेक्षा नेमके शास्त्रीय वर्णन मला करता येणार नाही. मुळाच्या पेशीत थोडे क्षार, थोडी साखर असते. म्हणून जमिनीतले पाणी आत येते. बाहेरच क्षार वाढले की ही ओढ मंदावते, फारच वाढले तर उलटी होते. मुळाची काकडी होते! (युरियाचा मोठा डोस बुडाशी पडला की रोप जळते, तेही यामुळेच.) शिवाय सोडियम हा पोटॅशियमचा तोतया. पोटॅशियमसाठी असलेल्या वाटांनी तो थोडाफार आत घुसतो आणि पेशीला तो बाहेर ढकलण्यात शक्ती खर्च करावी लागते. कोकणच्या खाडीतला तिवर पानांवाटे मीठ टाकून देतो. उसाला ती विद्या नाही.

समुद्र तर सह्याद्रीपलीकडे, मग मीठ आले कुठून? खडक झिजून, खतांतून आणि पाटाच्या पाण्यातून. प्रत्येक पाळीबरोबर थोडे क्षार येतात. पाणी उडून जाते, ते मागे राहतात. मोकाट पाण्याने जमिनीखालची पातळी वर चढते आणि काळ्या मातीतून निचरा होत नाही. ऊस जास्त पाण्यावर जास्त येतो, ही समजूत आपल्याला फार महाग पडली आहे.

उपाय आहेत. चोपण जमिनीत जिप्सम टाकले की त्यातले कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेते. पण सुटलेला क्षार धुऊन शेताबाहेर गेला तरच उपयोग. त्यासाठी जमिनीत खोलवर सच्छिद्र पाइप टाकतात. ठिबकने पाणी वाचते, नवी भर कमी पडते. आधीच साचलेले मीठ मात्र त्याने हटत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पाइपांतले पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर ते खालच्या चार जणांच्या रानातून जाते. एकट्याने खर्च करून भागत नाही, अख्ख्या शिवाराने एकत्र यावे लागते. ज्याचे रान अजून चांगले आहे, त्याला आपल्या बांधातून चर खोदू द्यायला राजी करणे, हे काम अभियंत्याचे नाही. गावात बैठक बसते ती बहुधा याच एका मुद्द्यावर अडते.