रक्त परत येतं तेव्हा

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय : प्रत्यारोपणाचा अवयव बर्फात ठेवला की तो सुरक्षितच, मग हृदयासाठी रस्ते मोकळे करून एवढी धावपळ का? या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही.

चार अंशांना पेशी मंदावते, थांबत नाही. तिचा सुमारे दहावा भाग कारभार चालूच राहतो, आणि इंधन यायचं मात्र बंद झालेलं असतं. पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी संपत जातं. पेशीच्या आवरणात एटीपीवर चालणारा सोडियम-पोटॅशियम पंप असतो : तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. थंडीत हा पंप जवळपास बंद पडतो, पण सोडियमचं आत झिरपणं चालूच राहतं. त्याच्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. 1980च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोकर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांनी अवयव टिकवण्याच्या आपल्या द्रावणात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज घातलं. हे रेणू पेशीत सहज शिरत नाहीत, बाहेरच राहून पाणी धरून ठेवतात. पोटॅशियमही पेशीत असतं तेवढंच भरपूर ठेवलं. या द्रावणामुळे यकृताची मुदत बरीच लांबली. मूत्रपिंड तर दिवसभर तग धरतं. हृदयाला मात्र आजही साधारण चार तासच मिळतात.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. मूत्रपिंड नव्या शरीरात जोडून झालं की शल्यविशारद रक्तवाहिन्यांवरचे चिमटे काढतात, फिकट मूत्रपिंड क्षणात गुलाबी होतं, सगळे लघवीच्या पहिल्या थेंबाची वाट बघतात. मोठी इजा नेमकी याच मिनिटांत सुरू होते.

वर्षानुवर्षं याचा दोष सरसकट 'ऑक्सिजनच्या माऱ्याला' दिला जायचा. 2014 साली एडवर्ड चौचानी, माइक मर्फी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्यामागचं रसायन उलगडलं. रक्त थांबलेलं असताना पेशीत सक्सिनेट साठत जातं. ऑक्सिजन परतताच मायटोकाँड्रिया ते झपाट्यानं जाळतात. एवढे इलेक्ट्रॉन एकदम सुटतात, की त्यातले काही श्वसनसाखळीत उलटे फिरून पहिल्या संकुलात घुसतात आणि तिथे सुपरऑक्साइड हा पेशीला घातक रेणू तयार होतो. लोडशेडिंग संपलं की शिवारातले ऑटोवर ठेवलेले सगळे मोटारपंप एकदम सुरू होतात आणि डीपी उडतो, तसंच हे. वीज नसताना डीपीला काही झालेलं नसतं, तो जळतो वीज आल्यावर.

म्हणजे घाई दोन कारणांनी. बर्फात पेशी हळूहळू फुगतेच, शिवाय वेळ जितका जास्त तितकी रक्त परतल्यावर भरायची किंमतही मोठी.

याच धाग्यावरच्या कामात उंदरांच्या हृदयावर एक उपाय तपासला गेला : मॅलोनेट. सक्सिनेट जाळणाऱ्या विकराची जागा ते अडवतं, त्यामुळे जळण सावकाश होतं आणि इजा घटते. गंमत वेळेची आहे. सक्सिनेटचा साठा रक्त परतल्यावर काही मिनिटांतच संपतो. औषधाला पोचायला तेवढा उशीर झाला, तर अडवायला काही उरलेलंच नसतं.